पंधरा विभक्तींचा व्याही

सिंगापूरनिवासी तमाम मराठी बंधुभगिनींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पाया लेबार स्टेशनाजवळच्या आमच्या कॉन्डोमध्ये मध्यंतरी फिनिश भाषेची साथ येऊन गेली. साथीचा उगम नवव्या मजल्यावर, चीफ सबनीसांच्या फ्लॅटमध्ये झाला आणि प्रसार लिफ्टमधून. लस उपलब्ध नव्हती. मास्कचा उपयोग नव्हता, कारण लागण कानांवाटे होत होती. प्रस्तुत लेखक त्या साथीतून वाचलेला रुग्ण असून, अजूनही झोपेत त्याच्या तोंडून एखादा लांबलचक शब्द निघतो आणि बायको त्याला हलवून जागं करते.

चीफ हे नाव नव्हे, हुद्दा. जहाजावरचा मुख्य इंजिनियर तो चीफ. उमेदीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये काढून सबनीस किनाऱ्याला लागले आणि हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत बसून लांबूनच जहाजांची इंजिनं सांभाळू लागले. माणूस किनाऱ्यावर आला, आवाज मात्र जहाजावरच राहिला. इंजिनरूममध्ये शेजारच्याला ‘पाना दे’ म्हणायचं तर ओरडावं लागतं. चीफ घरी ‘मीठ दे’ त्याच पट्टीत म्हणत. नवव्या मजल्यावर आमटी अळणी झाली की चौथ्या मजल्यावर आम्हाला कळे. एकदा माझी बायको नीता खरंच मीठ घेऊन वर गेली होती.

चीफना बोलायला माणूस लागे. कोणताही चाले. लिफ्टमधला, स्विमिंग पूलवरचा, गेटवरचा सिक्युरिटी अंकल, हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेताना समोर बसलेला अनोळखी चिनी आजोबा. मी तर त्यांचा हक्काचा श्रोता, कारण माझंही ऑफिस हार्बरफ्रंटलाच. सकाळी सर्कल लाइनच्या डब्यात सगळं सिंगापूर माना खाली घालून फोनमध्ये बघत असे आणि त्या शांततेत एकच आवाज घुमे : “अरे कर्णिक, तुला एक गंमत सांगतो!” पुढच्या दोन डब्यांतली माणसंही माना वर करीत. त्यांना मराठी येत नव्हतं, पण गंमत येणार आहे एवढं कळे.

मालतीवहिनी, म्हणजे चीफांची बायको, अगदी उलट. त्या कमी बोलत, पण जे बोलत ते नेम धरून. “हे निवृत्त झाले की मी जहाजावर जाणार आहे,” असं त्या सगळ्यांना सांगून ठेवीत.

आता फिनिशचं कारण. चीफांची एकुलती एक मुलगी सई. तिने आईचं नाक घेतलं आणि बापाचा घसा. लाकडापासून कापड करतात, त्या कसल्याशा शिक्षणासाठी ती फिनलंडला गेली आणि तिथल्या मिक्को नावाच्या मुलाच्या प्रेमात पडली. मिक्को चांगला मुलगा, इंग्रजी बोलणारा, सिंगापूरला येऊन वहिनींच्या हातची भाकरी खाऊन गेलेला. अडचण त्याची नव्हती, त्याच्या वडिलांची होती. तौनो त्यांचं नाव. बायको वारलेली, जंगलखात्यातून निवृत्त, एका तळ्याकाठी एकटेच राहणारे. इंग्रजीचा गंध नाही. मिक्को आणि सई दर शनिवार-रविवार त्यांच्याकडे जात, आणि लग्नानंतर त्याच तळ्याच्या काठाला घर बांधायचं चाललं होतं.

एका रविवारी सईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणजे चीफांचा फोन नेहमीच स्पीकरवर असे. मी तिथेच चहा पीत होतो. सई सहज म्हणून गेली, “बाबा, मिक्कोचे बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. मी आपली मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये बडबड करते आणि ते खिडकीबाहेर बघत बसतात.” ती हसली आणि दुसऱ्या विषयावर गेली.

चीफ दुसऱ्या विषयावर गेले नाहीत. मराठी घरात माणूस गप्प बसला तर त्याचे दोनच अर्थ : एक तर तोंडात पान आहे, नाहीतर तो रुसला आहे. फिनलंडात पान मिळत नाही.

“व्याही रुसलेत,” चीफ म्हणाले. त्या दिवशी हळू म्हणाले, म्हणून मी दचकलो. “लग्न अजून व्हायचंय आणि व्याही आत्ताच रुसलेत. त्यांना पोर आवडलेली नाही, कर्णिक. ज्या घरात कोणी बोलत नाही त्या घरात माझी सई काय करील रे? ती सुकून जाईल.”

“अहो, तसेच असतील ते स्वभावाने,” वहिनी म्हणाल्या.

“असा कुठे स्वभाव असतो?” चीफांनी प्रामाणिकपणे विचारलं.

तर ठरलं असं की लग्नाला तौनो सिंगापूरला येणार होते, तेव्हा चीफ त्यांना त्यांच्याच भाषेत, समोरासमोर एकच प्रश्न विचारणार होते : माझी मुलगी तुम्हाला आवडते का? मध्ये मिक्को नको, सई नको, फोनवरचं भाषांतर नको. बापाने बापाला विचारायचं. त्यासाठी हातात एक हिवाळा होता. तिकडचा हिवाळा. इकडे सिंगापूरला आपलं नेहमीचंच.

गुरू मिळाला तो पेक्का. चीफांच्या जहाजांवरची काही इंजिनं फिनलंडची, ती तपासायला त्या कंपनीचा हा उंच, गुलाबी माणूस अधूनमधून येई. त्याला चीफांनी जेवायला बोलावलं आणि पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. फिनिश माणूस ‘हो’ म्हणताना कधीकधी श्वास आत ओढून म्हणतो. बाहेर नव्हे, आत. पोहायला थंड पाण्यात पाय घातल्यावर आपण जसा आवाज काढतो तसा “योऽ”. पेक्का असा प्रत्येक वाक्याला “योऽ” करून आत श्वास घेई. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्या आल्याचा काढा घेऊन बाहेर आल्या आणि पेक्कापुढे ठेवून म्हणाल्या, “दमा फार दिवसांचा आहे का यांचा?” पेक्काने काढा निमूट संपवला. वहिनींनी पुन्हा भरला. त्याने पुन्हा संपवला. खरं तर पुढे काय होणार आहे, याची सूचना आम्हाला त्याच वेळी मिळाली होती. पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

अभ्यास सुरू झाला आणि चीफांना पहिलाच साक्षात्कार झाला तो असा की फिनिश ही मराठीची जत्रेत हरवलेली बहीण आहे. सकाळच्या डब्यात माझं दप्तर ओढून ते म्हणाले, “कर्णिक, शाळेत ‘स-ला-ते’ पाठ केलं होतंस ना?”

“केलं होतं. मार खाऊन.”

“तिकडच्या पोरांना किती मार बसत असेल बघ. पंधरा विभक्ती! टालो म्हणजे घर. टालोस्सा, घरात. टालोस्ता, घरातून. टालोत्ता, घराविना. सगळं शेपटीला जोडायचं, आपल्यासारखंच. इंग्रज बिचारा इन, फ्रॉम, विदाउट असे डबे पुढे लावत बसतो. आपण डबे मागे लावतो. गाडी कशी दिसली पाहिजे? इंजिन पुढे!”

पुढे कळलं की त्या भाषेत ‘माझ्याकडे मोटार आहे’ असंच म्हणतात, इंग्रजांसारखी मोटार ‘बाळगत’ नाहीत. चीफ हर्षभरित झाले. मग कळलं की तिच्यात ‘प्लीज’ला शब्दच नाही. “आपल्यात तरी कुठे आहे?” चीफ म्हणाले. “‘कृपया’ हा शब्द जिवंत माणसाने उच्चारलेला तू ऐकलायस? तो फक्त पाट्यांवर राहतो. मालती, कृपया भाजी वाढ, असं मी म्हटलं तर ही डॉक्टरला फोन करील.”

“ॲम्ब्युलन्सला,” वहिनी आतून म्हणाल्या.

तो आणि ती यांनाही तिथे एकच शब्द, हॅन. वहिनींना हे पटलं नाही. “मग बाईबद्दल बोलतायत की बाप्याबद्दल, कसं कळायचं?”

“कळायची गरजच काय? ते बोलतच नाहीत! आणि आपण काय दिवे लावलेत गं? खुर्चीला बाई केलं, पंख्याला बाप्या केलं, टेबलाला काहीच नाही. तिकडे सगळी समानता.”

भविष्यकाळही त्या भाषेला नाही. उद्या येतो, परवा जातो, सगळं वर्तमानावर भागवायचं. यावर मात्र चीफ विचारात पडले. “पण तिथे ‘उद्या येतो’ म्हणणारा माणूस येतो, कर्णिक. आपल्याकडे भविष्यकाळ असूनसुद्धा एसीवाला येत नाही.”

मग चीफांना शब्द गोळा करायचा नाद लागला. घरी एकट्यानेच, चड्डी-बनियनवर, कुठेही जायचं नाही असं ठरवून दारू पीत बसणे, या अवस्थेला फिनिशमध्ये एकच शब्द आहे : काल्सारिकॅन्नित. चीफ दारूला शिवत नसत, पण शब्दावर इतके खूश झाले की शुक्रवारी संध्याकाळी बनियनवर बसून कोकम सरबत पिऊ लागले आणि त्याला तेच नाव दिलं. किरकोळ चुका काढत बसणाऱ्या माणसाला तिकडे पिल्कुनवीलाया म्हणतात, म्हणजे स्वल्पविरामावर कानस मारणारा. वहिनींनी आयुष्यात शिकलेला पहिला फिनिश शब्द तो. त्यांनी तो त्याच क्षणी नवऱ्याला बहाल केला आणि पुन्हा परत घेतला नाही.

‘उगाच इकडेतिकडे जरा बागडून यावं की काय बरं’ हे अख्खं वाक्य तिकडे एका शब्दात मावतं. तो शब्द इथे लिहीत नाही, छापणाऱ्याला पोटापाण्याची कामं असतात. चीफ तो शब्द रोज संध्याकाळी पूलकडे निघताना लिफ्टमध्ये म्हणत. लिफ्ट नवव्या मजल्यावरून सुटे, शब्द संपेपर्यंत चौथा मजला येई आणि दार उघडलं की शेवटची अक्षरं माझ्या अंगावर पडत.

अंतर तर ते रेनडियरमध्ये मोजू लागले. रेनडियर धावता धावता लघवी करू शकत नाही, त्याला थांबावं लागतं. तर दोन थांब्यांमधलं अंतर हे तिकडचं जुनं माप, पोरोनकुसेमा. नीताने एकदा वहिनींसमोरच विचारलं, “चीफ, तुमचं ऑफिस इथून केवढं लांब हो?” चीफ गंभीरपणे म्हणाले, “जेमतेम दीड रेनडियर.” नीताला त्याचा उगम समजल्यावर तिने आठवडाभर चीफांशी बोलणं टाकलं. म्हणजे ती रुसली. मराठी माणूस गप्प बसला तर, मी वर म्हटलंच आहे.

आमच्या इराला, म्हणजे माझ्या मुलीला, या सगळ्याचं काही अप्रूप वाटेना. चीफ तिला समजावत होते की ‘नो नीन’ या दोन शब्दांत फिनिश माणूस वाटेल ते सांगू शकतो : चला, झालं, बरं बुवा, आता काय करायचं, निघा. सूर बदलायचा फक्त. इराने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अंकल, दॅट इज जस्ट लाह, लाह.” सिंगापुरी इंग्रजीत वाक्याच्या शेपटीला लागणारं हे ‘लाह’ ती शाळेत शिकली होती, त्यामुळे चीफांना हा तिच्या शाळेचा विजय वाटला.

हे सगळं छान चाललं होतं, पण मूळ प्रश्न घशात अडकला होता. एक तर त्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घ तोंडाने पाळावे लागतात. आपण ते शुद्धलेखनाच्या बाईंवर सोडून मोकळे झालेलो लोक. ‘भेटतो’ आणि ‘ठार मारतो’ यांत तिकडे एका स्वराच्या लांबीचा फरक आहे, असं पेक्काने सांगितल्यापासून चीफ तो शब्द जीव मुठीत धरूनच उच्चारत. दुसरं म्हणजे ‘आवडणे’ची तिथली तऱ्हा. फिनिशमध्ये सई आवडत नाही, सईतून आवडतं. ‘पिदॅत्को साइस्ता?’ सईतून आवडतं का? चीफ हे वाक्य डब्यात, पूलवर, बँकेच्या रांगेत पुटपुटत. एकदा मी त्यांना एस्केलेटरवर समोरच्या पाठमोऱ्या माणसाला हळू आवाजात हा प्रश्न विचारताना पकडलं. तो माणूस कानांत हेडफोन घालून होता म्हणून वाचला.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसाला आम्ही हसतोय खरे, पण तो मनातून घाबरलेला आहे.

लग्नाच्या आठवड्यात तौनो आले. एअरपोर्टवर चीफांनी हार घातला, ‘हाउस्का तवाता’ म्हणजे भेटून आनंद झाला असं म्हटलं, इतक्या जोरात की शेजारच्या रांगेतल्या लोकांनाही आनंद झाला. तौनोंनी मान हलवली. उंच, वाळलेला, निळ्या डोळ्यांचा माणूस. टॅक्सीत चीफांनी सिंगापूरची माहिती दिली, विभक्तींसकट. तौनो खिडकीबाहेर बघत होते.

“बघितलंस?” चीफ नंतर मला म्हणाले. “सई सांगत होती तस्संच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळीचा बेत. मी आणि नीता मदतीला. सई आणि मिक्को ब्लाउज आणायला लिटिल इंडियात शिंप्याकडे गेले होते, ते तासाभरात येतो म्हणाले आणि शिंप्याने त्यांना आपल्या भविष्यकाळात बसवून ठेवलं. म्हणून त्यांच्याविनाच जेवण सुरू झालं.

तौनोंनी पहिली पोळी मन लावून खाल्ली. ताट असं लख्ख केलं की तुपाचा थेंब नाही. आता रिकामं ताट आणि समोर मराठी यजमान! चीफांनी पोळी वाढली. तौनोंनी ती संपवली, ताट लख्ख. वहिनींनी वाढली. संपली. “आवडलेली दिसते,” वहिनी खूश होऊन म्हणाल्या. “अहो, आग्रह करा ना! असे काय नुसते बसलात?” चीफांनी आग्रह सुरू केला. “एक तरी घ्या! अहो, एक तरी घ्या!” आग्रहाचं फिनिश त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. पेक्काला विचारलं होतं, तर पेक्का म्हणाला होता, तसं काही आमच्याकडे नसतं.

दोन्ही घरांत लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, की पानात टाकायचं नाही. फक्त एका घरात वाढणाऱ्याला थांबायलाही शिकवलं होतं. तौनो खात राहिले. निळे डोळे हळूहळू गोल होऊ लागले. कपाळावर घाम आला. चीफांनी पंखा वाढवला आणि पोळीही वाढली. मधूनच तौनो श्वास आत घेऊन “योऽ” म्हणाले. “बघ, हो म्हणतायत!” म्हणून चीफांनी आणखी एक टाकली. मला आता वाटतं की तो ‘हो’ नव्हता, नुसता श्वास होता.

दार उघडून सई आत आली, सासऱ्याचा चेहरा बघितला आणि बापाच्याच पट्टीत ओरडली, “बाबा! काय चाललंय?”

“जेवण! किती छान जेवतायत बघ!”

“अहो, ते संपवतायत म्हणून तुम्ही वाढताय आणि तुम्ही वाढताय म्हणून ते संपवतायत! पाहुण्याने टाकायचं नसतं त्यांच्यात!”

“मग ‘नको’ म्हणायचं!”

“नको म्हटलेलं तुम्ही आयुष्यात कधी ऐकलंयत?”

मिक्कोने वडिलांना काहीतरी विचारलं. तौनो म्हणाले, “ह्युव्वा,” म्हणजे छान होतं. मग उठले, सरळ पाहुण्यांच्या खोलीत गेले आणि जमिनीवर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दार उघडलं नाही.

चीफांच्या तोंडचं पाणी पळालं. “आता तर पुरतेच रुसले. मी काय विचारणार आणि ते काय सांगणार!” वहिनींनाही आपल्या बहिणीच्या लग्नातला व्याही आठवला, जो जिलबी गार मिळाली म्हणून रुसला तो मंगलाष्टकं होईपर्यंत गच्चीवर बसला होता. त्याची समजूत नारळ देऊन काढली होती. “तुम्ही नारळ देऊन माफी मागा,” वहिनींनी निकाल दिला.

सकाळी मिक्को म्हणाला, बाबांना सौना मिळाली तर बरं वाटेल. आमच्या कॉन्डोत पूलच्या बाजूला लाकडी सौना, म्हणजे घाम काढायची तापवलेली खोली, आहे. मॅनेजमेंटने ती का बांधली हे कोणालाच माहीत नाही. बाहेर मैदानात जे फुकट मिळतं त्यासाठी आत कोण जाईल? आमच्याकडे ती ओली कॉस्च्यूम वाळवायला वापरतात. तौनोंनी आत जाऊन, तिथली एक पोहण्याची चड्डी उचलून बाहेर ठेवली आणि ते बसले.

चीफ टॉवेल गुंडाळून, हातात नारळ घेऊन निघाले. “कर्णिक, तू चल. शब्द अडला तर आठवण कर.”

“मला कुठे येतं फिनिश?”

“माझ्याबरोबर रोज ट्रेनने जातोस. मला येतं तेवढं तुला येतं.” हे दुर्दैवाने खरं होतं.

आत आम्ही तिघं. एका फळीवर तौनो, दुसऱ्यावर आम्ही, मधे नारळ. मी पाच मिनिटांत वितळू लागलो. चीफांना उष्णतेचं काही नव्हतं, इंजिनरूममध्ये जन्म गेलेला. त्यांना सोसेना ती शांतता. इतकी शांतता त्यांनी इंजिन बंद पडल्यावरच ऐकली होती, आणि इंजिन बंद पडणं म्हणजे संकट. ते सारखे चुळबुळत होते, नारळ इकडचा तिकडे करीत होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि, मी तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज खोलीएवढाच निघाला.

“पिदॅत्को... साइस्ता?”

तौनोंनी डावाने पाणी घेऊन तापल्या दगडांवर टाकलं. फुस्स झालं. वाफ वर गेली, खाली आली. चीफांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलेलं कळलं नाही की उत्तर द्यायचं नाही? मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. टॉवेलातला एक मोठा माणूस, मांडीवर नारळ, आणि चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाचं भय.

मग तौनो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “टालोस्सा ऑन तास ॲनी.”

टालोस्सा! ते मलाही कळलं. घरात. घरात काहीतरी आहे. तौनो थांबले, पुन्हा दगडांवर पाणी टाकलं आणि आणखी दोन छोटी वाक्यं म्हणाले. लहान लहान शब्द, पहिल्या धड्यातले. चीफ नारळ धरून तसेच बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सौनेत सगळीकडूनच येतं, त्यामुळे कोणाला हिशेब द्यावा लागत नाही.

थोड्या वेळाने चीफांनी उत्तर दिलं. श्वास आत ओढून, अगदी तिकडच्या माणसासारखं : “योऽ.”

आणि पुढे गप्प बसले. मी शपथेवर सांगतो, गप्प बसले. दोघंही बसले. मीच बाहेर पळालो.

बाहेर वहिनी पूलच्या कडेला उभ्या होत्या. चीफ आल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणाले? रुसवा गेला का?”

“सांगतो,” चीफ म्हणाले, आणि सांगितलं नाही. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. “ह्यांना चक्कर आलीय का हो?”

संध्याकाळी, आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून, त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं. तौनो म्हणाले होते : घरात पुन्हा आवाज आहे. ती बोलते. मी बोललो तर ती थांबेल.

नीता डोळे पुसायला आत गेली. वहिनी नवऱ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे गप्प बसूनसुद्धा माणूस ऐकत असतो तर. एवढी वर्षं मी तेच करतेय, पण तुमच्या कधी लक्षात नाही आलं.”

लग्न नीट झालं. पंक्तीत तौनोंच्या शेजारी सई मुद्दाम बसली आणि वाढणाऱ्यांना डोळ्यांनी धाक दाखवत राहिली. चीफांनी मंगलाष्टकं म्हटली, ती शेजारच्या हॉलमधल्या वाढदिवसालाही ऐकू गेली. व्याह्याला नारळ अखेर दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवला.

चीफ आता इथे नसतात. नोकरी संपली, इथे राहायचा पास संपला, दोघं पुण्याला गेली. नवव्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, त्यांच्या घरातलं मीठ संपलं की आम्हाला कळत नाही. चीफांचा फोन येतो, स्पीकरवरचा, आणि ते पूर्वीसारखेच बोलतात. पण डोळे मिटले की मला दिसतात ते चांगी एअरपोर्टवरचे चीफ, लग्नानंतरच्या सोमवारचे.

तौनो, मिक्को आणि सई एकाच विमानाने निघाले होते. सामान गेलं, वेळ उरला, म्हणून आम्ही कॉफीला बसलो. वहिनी आणि सई एका टोकाला काहीतरी हळू बोलत होत्या. चीफ दुसऱ्या टोकाला व्याह्याशेजारी बसले होते. समोर काया टोस्टची, म्हणजे नारळाचा जॅम लावलेल्या पावाची, बशी, तशीच. चीफ एक शब्द बोलत नव्हते. आमच्या अख्ख्या कॉन्डोत ही अफवा म्हणूनसुद्धा कोणी मानली नसती. कॉफीवर साय धरली. मी म्हटलं, “चीफ, एखादी गंमत सांगा ना!” त्यांनी नुसती मान हलवली. सईकडे बघत होते. तिचा आवाज टेबलाच्या या टोकाला स्पष्ट ऐकू येत होता, आणि आता तो दुसऱ्या घराला निघाला होता.

फलाटावर होते तशी विमानाची घोषणा झाली. कोणी उठलं नाही. तेवढ्यात तौनो हलले. त्यांनी चीफांची भरलेली बशी पाहिली, चीफांचा चेहरा पाहिला. मग पुढे वाकून एक टोस्ट उचलला, चीफांच्या हातात कोंबला आणि सबंध आठवडा खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलेलं मराठी, चीफांच्याच पट्टीत, आजूबाजूची सगळी टेबलं वळून बघतील एवढ्या मोठ्याने त्यांच्या तोंडून बाहेर पडलं :

“अहो, एक तरी घ्या!”